पहिला मेसेज तूच कर

प्रिय राजा,

तुमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय आणि तू "बघू" म्हणालास. तुझ्या "बघू"चा अर्थ मला तू शाळेत होतास तेव्हापासून कळतो. जाच, असा आग्रह मी धरणार नाही; मोठ्या घोळक्यात माझाही जीव रमत नाही. पण "इतकी वर्षं झाली, आता काय बोलणार त्यांच्याशी" हे कारण काही मला पटलं नाही. फोनवर सांगायला गेले की तू "हो आई, हो आई" करून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसले.

हा संकोच तुझ्या एकट्याचा नाही. लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांचं एक संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या माणसांना जुन्या मित्राशी पुन्हा बोलायची इच्छा होती, त्याला कसं गाठायचं ते माहीत होतं, त्याला बरं वाटेल असंही वाटत होतं. मेसेज लिहायला तिथल्या तिथे वेळ दिला. एवढं सगळं जुळून आलं, तरी पाठवला किती जणांनी? एक तृतीयांशापेक्षाही कमी. आणखी गंमत पुढेच आहे. अनोळखी माणसाशी बोलायला किंवा कचरा उचलायला लोक जेवढे राजी होते, त्यापेक्षा जुन्या मित्राला लिहायला काही जास्त राजी नव्हते. जुना मित्र आणि कचरा एका पंक्तीत! मला आधी हसू आलं. मग वाटलं, बरोबरच आहे. मधली वर्षं वाढत गेली की मित्र खरोखरच परका वाटायला लागतो.

त्यांनी काढलेला उपाय मला आवडला, कारण त्यात उपदेश नाही. आधी काही मिनिटं सध्याच्या मित्रांना, ओळखीच्यांना मेसेज करायला लावले आणि हात चालू झाल्यावर जुन्या मित्राकडे वळवलं. एवढ्यानं लिहिणाऱ्यांची संख्या सुमारे दोन तृतीयांशांनी वाढली. तू दिवसभर कुणाकुणाला काहीबाही पाठवत असतोसच, त्याच ओघात एक तिकडे जाऊ दे. रात्री शांतपणे विचार करून लिहायला बसलास तर तू तो पुसणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

आणि ज्याला मेसेज जातो त्याला काय वाटतं, तेही बघ. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की कुणीतरी आपली आठवण काढली याचं माणसाला जेवढं अप्रूप वाटतं, तेवढं पाठवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. मेसेज जितका अनपेक्षित, तितकं अप्रूप जास्त. म्हणजे "इतकी वर्षं झाली" हा तुझा मुद्दा माझ्याच बाजूचा निघाला की रे.

आता लिहायचं काय. "ओळखलंस का?" असं विचारू नकोस. तो पेपर होतो, आणि समोरचा नापास झाला तर दोघांचीही पंचाईत. नुसतं "हाय, कसा आहेस?" हेही नको, वर्षानुवर्षं गप्प असलेल्या माणसाचा असा मेसेज आला की पहिली शंका येते ती उसनवारीची आणि दुसरी विमा पॉलिसीची. "विसरलास ना आम्हाला" ही तक्रार तर मुळीच नको. तुटलं ते दोन्हीकडून तुटलं. त्यापेक्षा तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एखादी नेमकी आठवण लिही, आणि आज ती कशावरून निघाली तेही लिही. उत्तराची घाई नाही, असं शेवटी टाक. खरंच काही काम असेल, तर ते पहिल्याच ओळीत सांग. दोन दिवस गोड बोलून तिसऱ्या दिवशी काम काढणाऱ्यांचा लोकांना जास्त राग येतो. उत्तर आलंच नाही तर काही महिन्यांनी एकदा परत विचार, मग सोडून दे. कुणाच्या घरी काय चाललेलं असतं आपल्याला ठाऊक नसतं, त्याच्या गप्प राहण्याशी तुझा संबंध असेलच असं नाही.

नंबर मात्र आधी तपासून घे. मी एका मैत्रिणीच्या जुन्या नंबरावर भलीमोठी आठवण लिहून पाठवली, तर तो नंबर दुसऱ्याच बाईंना मिळालेला. त्यांनी कळवलं, "मी त्या नाही, पण तुमची मैत्रीण सापडली तर मला सांगा." सापडल्यावर मी सांगितलंसुद्धा.

तीच मैत्रीण भेटली तेव्हा आमचं भांडण झालं, ते ऐक. वक्तृत्व स्पर्धेत ती मधेच अडखळली आणि मी पडद्याआडून तिला पुढचं वाक्य सांगितलं, हे मी आयुष्यभर सांगत आले आहे. ती म्हणाली, "अगं, अडखळलीस तू. वाक्य मी सांगितलं." दोघीही शपथेवर सांगायला तयार. तो पडदासुद्धा दोघींना वेगवेगळ्या रंगाचा आठवत होता. बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्येच मांडलं होतं की आठवताना माणूस प्रत्येक वेळी ती गोष्ट नव्यानं जुळवतो. आम्ही दोघींनी ती आपापल्या सोयीनं जुळवली असणार. निकाल लागला नाही, पण त्या वादात आम्ही जेवढ्या मोकळ्या झालो तेवढ्या गळाभेटीनंसुद्धा झालो नव्हतो. म्हणून कुणी तुझी आठवण खोडून काढली तर दुरुस्त करायला जाऊ नकोस, त्याचं पूर्ण ऐकून घे.

शाळा-कॉलेजची माणसं नंतरच्या ओळखींपेक्षा मनात जास्त जागा का अडवतात, याचंही उत्तर आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातलं काहीही आठवायला सांगा, साधारण दहा ते तीस या वयातलं जास्त वर येतं, असं पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच घडत असतात, हे त्याचं एक कारण मानतात. पण हा साठा भेटीत लवकर संपतो. सरांच्या नकला झाल्या, कोण कुणाच्या मागे होतं ते झालं, की अचानक सगळे फोन बघायला लागतात. तिथून पुढे खरी भेट सुरू होते आणि नेमके तिथेच लोक उठतात. तू बसून राहा.

गेलासच तर आणखी एक दिसेल. घोळका जमला की सगळे आपापल्या जुन्या जागांवर जाऊन बसतात. मॉनिटर हुकूम सोडायला लागतो, मागच्या बाकावरचे मागे जाऊन खिदळतात, आणि ज्याची टर उडवली जायची त्याची पुन्हा उडते. आमच्या वर्गातला एक जण कधीच येत नाही. "मोठा साहेब झाला, शिष्ट झाला," असं बाकीचे म्हणतात. त्याला काय म्हणून हाक मारायचे ते मला आठवतं, आणि तेव्हा तो कसा हसायचा तेही आठवतं. शिष्टपणाचं मला काही खरं वाटत नाही. तेव्हा टोपणनाव वापरायचं असेल तर ज्याचं आहे त्यानं आधी स्वतः वापरू दे. लग्न, मुलं, पगार, गेलेले केस, यांवर प्रश्न नकोत. "हल्ली दिवस कसे जातात?" एवढं विचारलंस की ज्याला जे सांगायचंय ते तो सांगतो, आणि लपवायचंय ते त्याला लपवता येतं.

सगळ्यांशी पुन्हा जुळवायच्या फंदात पडू नकोस. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात २०२२ पासून १०२४ माणसं मावतात. रॉबिन डनबार या मानसशास्त्रज्ञांच्या हिशेबानं माणसाला सांभाळता येणारी नाती साधारण दीडशे, आणि त्यातली अगदी जवळची पाचच्या आसपास. उरलेल्यांसाठी सकाळची फुलं आहेतच. तू दोघं-तिघं निवड.

ती जुनी नाती पुन्हा जोडायला फार कष्ट पडत नाहीत. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मोजलं होतं की ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे पन्नास तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. तुमचे ते तास वर्गात, वर्गाबाहेर आणि शिक्षा भोगताना केव्हाच भरले आहेत. डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास तर नोकरदारांवरचाच आहे. त्यांना संपर्क तुटलेल्या जुन्या ओळखींकडे कामाचा सल्ला मागायला लावलं. मधल्या काळात ती माणसं वेगळीच दुनिया बघून आलेली, त्यामुळे सल्ल्यात नवं काही मिळालं, आणि जुना विश्वास तसाच शाबूत होता. सल्ला मागायला लगेच जाऊ नकोस म्हणा. पण ऑफिसात "मनातलं बोलावं असं कुणी नाही" हे मागे तूच म्हणाला होतास.

सुट्टी लागली की आपल्या घरी मुक्काम ठोकणारा तो तुझा मित्र, ज्याचा नंबर तुझ्याकडून हरवला, त्याच्या आईचं आणि माझं अजून बोलणं होतं. त्याचा नंबर तिच्याकडून घेऊन तुला पाठवते. निरोप मात्र मी पोचवणार नाही, मेसेज तूच करायचा.

तुझी,
आई