रस्त्यातली फट दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

उपग्रहाच्या चित्रांतून रस्ते वेगळे काढायचा माझा प्रोग्रॅम एकदाचा नीट चालला. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही विषयच बदलला असता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आठवतं, 'अचूकता 95 टक्के' म्हणत मी केवढ्या तोऱ्यात आलो होतो? तुम्ही विचारलंत, "चित्रात रस्ता किती जागा व्यापतो?" जेमतेम 5 टक्के. "मग सगळं काळं रंगवलंस, म्हणजे कुठेच रस्ता नाही म्हटलंस, तरी 95च येतील की!" माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. तोवर मी जॉन कॅनी या संशोधकाच्या 1986 सालच्या पद्धतीने चित्रातल्या कडा शोधत होतो. रस्त्यांबरोबर छपरं आणि शेतांचे बांधही त्याच हौसेने गोळा होत होते. यू-नेट, म्हणजे उदाहरणं बघून चित्रातला प्रत्येक पिक्सेल ओळखायला शिकणारं मॉडेल, वापरल्यावर ते बरेच गळाले.

त्याआधी तुम्ही पन्नास चित्रांतले रस्ते हाताने रेखाटायला लावलेत. मनातल्या मनात चिडलो होतो, कबूल करतो. पण ज्यावरून मॉडेलला शिकवत होतो त्या तयार नकाशातल्या रेषा खऱ्या रस्त्यापासून सरकलेल्या आहेत, हे त्याच वेळी दिसलं. मॉडेलला मीच चुकीचं उत्तर घोकायला लावत होतो!

आणि ती फट. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवलंत, तिथे झाडाखाली रस्ता चार पिक्सेल गायब होता. अर्ध्या मीटरचा एक पिक्सेल, म्हणजे फक्त दोन मीटर. "गुणांत काही फरक पडणार नाही, पण गाडी पलीकडे जाणार कशी?" मी घाईने क्लोजिंग (आकार आधी फुगवून मग परत आकसायचा) लावून फट बुजवली, तर शेजारचे दोन समांतर रस्ते एकमेकांना चिकटले. मग तुम्ही कागद ओढून काढून दाखवलंत: आधी रस्त्याचा एक पिक्सेल जाडीचा सांगाडा काढायचा, त्याला फुटलेले बारीक काटे छाटायचे, मग सुटी टोकं शोधायची. दोन टोकं जवळ आणि एकाच रोखाने समोरासमोर असतील तरच जोडायची. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे.

आता तपासताना मी कुठलीही दोन ठिकाणं घेतो आणि त्यांच्यामधल्या सर्वांत जवळच्या वाटेची लांबी खऱ्या आणि माझ्या नकाशात ताडून बघतो. वाट कुठे तुटली ते लगेच कळतं.

कोरडा ओढा मात्र अजून अधूनमधून रस्ता बनून येतो. पुढच्या आठवड्यात ती चित्रं घेऊन येतोय.

तुमचा,
तोच 95 टक्केवाला