आक्का, तुमची कोरांटी माझ्याकडे आहे

तीर्थस्वरूप आक्का,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "गप बस" म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवील.

सहा वर्षांपूर्वी आम्ही सोलापुरात राहायला आलो. माझं माहेर राजापूरकडचं. तिकडे पावसाळ्यात काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. त्याच भरवशावर मी सोनटक्क्याचे गड्डे, अनंताचं रोप आणि आईच्या अंगणातली जुई घेऊन आले. शिवाय इथे आल्यावर सहा कलमी गुलाब विकत घेतले. मे संपेपर्यंत सोनटक्क्याच्या दोन सुकलेल्या गड्ड्यांखेरीज काही उरलं नाही. पारा 42 अंशांच्या वर, मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेय आणि झाडं माना टाकताहेत. मला रडू यायचं.

तेव्हा तुम्ही फाटकाशी थांबलात. आपली धड ओळखही नव्हती. आत येऊन तुम्ही एक कुंडी आडवी केलीत, बुडावर दोन थापा मारल्यात आणि गुलाब मातीसकट बाहेर काढलात. मुळं काळपट झालेली, चिमटीत धरली तर साल सुटून येत होती. मातीला आंबूस वास. "पाणी घालायलीस का बुडवायलीस गं?" असं तुम्ही विचारलंत, पण आवाज मायेचा होता.

मग ओसरीवर बसून तुम्ही मला काळी माती समजावलीत. कोकणातली तांबडी माती पाणी सोडून देते, ही धरून ठेवते. ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळू देत नाही, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. कुंडीसाठी एक पाटी माती, एक पाटी कुजलेलं शेणखत आणि अर्धी पाटी जाड वाळू, हे तुमचं माप मी आजही मोडत नाही. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. जमिनीतल्या झाडाला रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पोटभर द्यायचं, म्हणजे मुळं पाण्यामागे खोल जातात. आणि बुंध्याभोवती उसाचं पाचट. आपल्याकडे ते मुबलक मिळतं, आणि भर उन्हाळ्यातही त्याखाली हात घातला तर माती गार लागते.

पण तुम्ही खरं शिकवलंत ते झाड निवडायला. पहिला पाऊस पडल्यावर तुम्ही मला गल्लीतून फिरवलंत. "जे कुणी न बघता वीस वर्षं फुलायलंय, ते आधी लाव," म्हणालात. ओसाड पडलेल्या त्या वाड्याच्या भिंतीवरची बोगनवेल, देवळामागची एकेरी तगर, पिठाच्या गिरणीजवळची लाल गावठी जास्वंद. तुम्ही प्रत्येक घरी विचारून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या घेतल्यात. डोळ्याच्या खाली तिरका काप, वीतभर लांबी, खालची पानं काढलेली. तगरीचा पांढरा चीक तुमच्या पदराला लागला होता. काड्या सावलीत लावून झाल्यावर मला बजावलंत, "रुजली का म्हणून उपटून बघू नको." आक्का, तो एक महिना मला फार अवघड गेला. पण बारापैकी नऊ काड्या जगल्या.

पिवळी कोरांटी तेवढी तुम्ही स्वतःच्या कुंपणातली दिलीत.

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण आला तेव्हा मी औषध आणायला निघाले होते. तुम्ही आधी खोडावरून चढणाऱ्या मुंग्या दाखवल्यात. त्या गोड चिकट्यासाठी किडीला जपतात, म्हणून त्यांची वाट तोडायची. मग पाण्याचा जोरदार फवारा, आणि लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल नि थोडं साबणाचं पाणी, ते ऊन उतरल्यावर मारायचं. जास्वंद वाचली.

मोगऱ्याच्या वेळी मात्र माझा हात धजेना. संक्रांतीआधी दोन आठवडे पाणी तोडायचं, मग छाटून उरलीसुरली पानंही ओरबाडायची! हिरवंगार झाड असं उघडं करताना जीव कासावीस झाला. तुम्ही शेजारी उभं राहून शेणखत घालून घेतलंत, पाणी सुरू करून दिलंत. पाडव्याला गुढीपुरत्या कळ्या माझ्याच दारात निघाल्या. तेव्हापासून दर वर्षी निघतात.

अबोलीची गंमतही तुमचीच. वाळलेल्या कणसावर पाण्याचे चार थेंब टाकलेत आणि माझ्या लेकाला कान जवळ न्यायला सांगितलंत. टक्! बोंड फुटून बी त्याच्या गालावर. पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत जी अबोली पसरली आहे ती त्या बियांची.

आणि सोनटक्का. तो इथे होणार नाही हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतंत, मीही मन घट्ट केलं होतं. पण त्या सुकलेल्या गड्ड्यांना एक डोळा जिवंत आहे हे तुम्हालाच दिसलं. न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथली सावलीची दोन हात जागा तुम्ही स्वतः कुदळीनं मोकळी केलीत. "माहेरचं आहे, एवढं तरी असू दे," म्हणालात. तिसऱ्या भाद्रपदात त्याला फूल आलं. त्या रात्री खिडकी उघडी ठेवून मी झोपले, आणि सकाळी उठून आईला फोन केला.

यंदा रस्त्याच्या कामात तुमचं कुंपण गेलं आणि जुनी कोरांटी मुळासकट गेली. तुम्ही कुणाला बोलला नाहीत, पण त्या जागेकडे बघताना मी तुम्हाला पाहिलं आहे. माझ्याकडच्या कोरांटीखाली बी पडून आठ रोपं आली आहेत. गुडघाभर झालीत. मुळं मी बघितली, पांढरी आणि भरगच्च आहेत. पहिला पाऊस झाला की सकाळी लवकर येते. खड्डे मी खणीन, तुम्ही फक्त ओसरीवर बसून कुठे लावायची ते सांगा.

तुमची,
गल्लीच्या टोकाची कोकणातली पोर