बूल घरी बनवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतलं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारं सदर वाचलं. मराठीत असं कोणी लिहितंय याचं कौतुकच आहे, पण त्यात एक गोष्ट अशी छापलीय की गप्प बसवेना. सी मध्ये खरं-खोटं ठेवायला टाइपच (व्हेरिएबलचा प्रकार) नाही, म्हणून वरती एक टाइपडेफ (टाइपला नवं नाव देणारी ओळ) मारून अनसाइन्ड कॅरला, म्हणजे एका बाइटच्या आकड्याला, बूल नाव द्या, ट्रू म्हणजे 1 फॉल्स म्हणजे 0 डिफाइन करा आणि मोकळे व्हा, असा सल्ला आहे. अहो, 1999 च्या स्टँडर्डपासून सी ला स्वतःचा बूल आहे, एसटीडीबूल डॉट एच ही हेडर फाइल इन्क्लुड केली की काम झालं, आणि सी 23 मध्ये तर तेवढंही लागत नाही, बूल, ट्रू, फॉल्स सरळ कीवर्डच झालेत. पण बऱ्याच कॉलेजात अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरची (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामची) निळी स्क्रीन चालते, ती 1999 च्या आधीची, मग पोरांना कळणार कुठून.

मी भोसरीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसणारं सॉफ्टवेअर, लिहितो, शेतीपंपाच्या स्टार्टरचं. काही वर्षांपूर्वी असाच घरगुती बूल आमच्या कोडमध्ये होता. विहिरीतलं पाणी संपलं की स्टेटस रजिस्टरचा (यंत्राची स्थिती बिटांत दाखवणाऱ्या जागेचा) 0 पासून मोजून 9 नंबरचा बिट लागायचा, म्हणजे किंमत 512. आम्ही स्टेटसला 512 ने अँड करून, म्हणजे तेवढाच बिट वेगळा काढून, उत्तर त्या बूलमध्ये टाकत होतो. आता एका बाइटमध्ये मावतं 255 पर्यंत, 512 चे खालचे आठही बिट शून्य, त्यामुळे बूलमध्ये कायम 0. कंपायलर एका शब्दाने बोलला नाही, आणि टेबलावर टेस्ट करताना आम्ही 3 नंबरचा बिट (किंमत 8, बाइटमध्ये मावणारी) लावून बघत होतो, तो बरोब्बर चालायचा! शेवटी निफाडकडच्या एका द्राक्षवाल्याची मोटर कोरडी फिरून जळाली, रिवाइंडिंगचं बिल आमच्यावर आलं आणि दोन रात्री जागून सापडलं काय, तर ती टाइपडेफची एक ओळ. खऱ्या बूलमध्ये शून्य सोडून काहीही टाका, 1 च होतो. ओळ काढली, बग गेला.

हे फक्त आमच्याच गल्लीतलं नाही बरं का. 2012 मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसमध्ये हेच निघालं. पासवर्ड तपासताना मेमसीएमपीचं (मेमरीतले दोन तुकडे ताडून बघणाऱ्या फंक्शनचं) उत्तर एका बाइटच्या मायबूल या त्यांच्या घरगुती बूलमध्ये कोंबलं होतं, आणि तिथे 0 म्हणजे जुळलं. काही बिल्डमध्ये मेमसीएमपी बाइटमध्ये न मावणारे आकडे द्यायचं, मग 256 मधून साधारण एकदा शेवटचा बाइट शून्य यायचा आणि चुकीच्या पासवर्डने माणूस आत! दोन-तीनशे वेळा ट्राय केलं की बास.

दुसरं म्हणजे तुमच्या उदाहरणातलं 'इफ एक्स इक्वल इक्वल ट्रू', म्हणजे एक्स बरोब्बर ट्रू एवढाच आहे का ते बघणं. हे तर नकोच. इझअल्फा हे, दिलेलं चिन्ह अक्षर आहे का ते सांगणारं फंक्शन होकार देताना 1 देईलच असं नाही, माझ्या लिनक्सवर 1024 देतं, मग तुलना फसली. नुसतं इफ एक्स लिहा की.

आता बूल सगळीकडे घुसडा असंही माझं म्हणणं नाही. लिनक्स कर्नलवाल्यांचा (लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांचा) नियम मला पटतो, फंक्शनचं रिटर्न आणि लोकल व्हेरिएबल यांना बूल बिनधास्त वापरा, पण ज्या स्ट्रक्चरची (एकत्र बांधलेल्या व्हेरिएबल्सची) साइज, अलाइनमेंट (मेमरीतली मांडणी) महत्त्वाची आहे तिथे नको, कारण बूलची साइज आर्किटेक्चरप्रमाणे बदलू शकते. तिथे यू-आठ (आठ बिटचा अनसाइन्ड आकडा) घ्या किंवा एक-एक बिटची फील्ड करा. ती अनसाइन्ड (उणे किंमत न घेणारी) ठेवा मात्र, जीसीसी या कंपायलरमध्ये साध्या इंटच्या एका बिटात 0 आणि उणे 1 एवढंच बसतं, 1 शी ताडून बघाल तर कधीच जुळणार नाही (यातही माझा एक शनिवार गेलाय).

हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा, डिप्लोमाला आहे. त्याने तुमच्या सदराचं कात्रण टेबलासमोर चिकटवलंय. मी सांगायला गेलो तर म्हणतो, मामा, पेपरात छापलंय, तुझं कुठे छापलंय? तेव्हा पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, तोवर ते कात्रण काही तो काढत नाही.

आपला,
एक वाचक, भोसरी