पहिलाच बॉल डोक्यात

आई, बाबा,

रविवारी फोन मध्येच ठेवला त्याबद्दल सॉरी. रागावले नव्हते, रडू यायला लागलं होतं आणि ते तुम्हाला व्हिडिओवर दिसू नये एवढंच. बेसबॉल खेळताना डोक्यात बॉल बसून आलेलं छोटूचं टेंगूळ उतरलंय, डॉक्टरांनी दोनदा तपासलं, सध्या टीव्ही-मोबाईल बंद, पळापळ बंद, त्यामुळे दिवसभर घर डोक्यावर घेतोय, म्हणजे बरा आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात की हा कसला खेळ, बॉल टप्पाच खात नाही, सरळ अंगावर येतो, सगळे बीमरच. बरोबर आहे, इथे बीमरच टाकायचा असतो. तेव्हा मला काही उत्तर सुचलं नाही, पण त्या दिवसापासून एक माणूस डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहायलाच बसले.

आमच्या इथून जवळ, कनेक्टिकटमध्येच, समुद्राकाठी गिलफर्ड म्हणून गाव आहे, तिथला बेसबॉलवाला ॲडम ग्रीनबर्ग. आउटफिल्डर, म्हणजे आपल्या भाषेत बाउंड्रीच्या बाजूला उभा राहणारा, आणि डावखुरा बॅटर. 2002 मध्ये शिकागो कब्ज या टीमने त्याला घेतलं, मग तीन वर्षं खालच्या लीगमध्ये (तिथे पैसे जेमतेम आणि बसचे प्रवास मात्र भरपूर) आणि जुलै 2005 मध्ये एकदाचं वरून, म्हणजे मेजर लीग या सगळ्यात वरच्या लीगमधून, बोलावणं आलं. वय 24. घरचे सगळे मॅच बघायला मायामीला गेले. 9 जुलैला, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये, त्याला बॅटिंगला पाठवलं. समोर बॉलर व्हॅलेरिओ द लोस सांतोस. मेजर लीगमधला त्याचा पहिला बॉल, ताशी 92 मैल, म्हणजे आपल्या हिशोबात 148 किलोमीटर, त्याने मान फिरवली आणि तो उजव्या कानामागे बसला. हेल्मेट होतं तरी. आपली कवटी फुटली असंच त्याला वाटलं म्हणे. आई, तू आता पदर तोंडाला लावला असशील, पण मी तो व्हिडिओ बघितला तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच, त्याची आई कुठे बसली असेल हेच मी शोधत होते.

कवटी फुटली नव्हती. पण नंतर चक्कर सुरू झाली, बुटाची लेस बांधायला वाकला तरी सगळं गरगर फिरायचं, झोपायचं तरी बसूनच. कब्जने पुढच्या वर्षी सोडून दिलं. आणि गंमत बघा, बॉल अंगावर लागला की बॅटरला फुकट पहिल्या बेसवर (रन काढताना पळत गाठायची पहिली जागा) जाता येतं आणि तो चान्स खेळला असं धरतच नाहीत, त्यामुळे त्याच्या नावापुढे तेव्हा मॅच 1 आणि ॲट-बॅट, म्हणजे धरलेले चान्स, शून्य! बेसवरसुद्धा त्याच्या जागी दुसराच पळाला. आउटफिल्डर असून मेजर लीगच्या आउटफिल्डमध्ये हा माणूस एक मिनिटही उभा राहिलेला नाही.

तरी खेळायचं सोडलं नाही. छोट्या छोट्या लीगमध्ये, इथल्या ब्रिजपोर्टच्या टीमकडूनसुद्धा, खेळत राहिला आणि 2011 मध्ये समोर परत तोच द लोस सांतोस आला. या वेळी ह्याने त्याला सिंगल मारली, म्हणजे बॉल मारून पहिला बेस गाठला. मला तर पुढच्या सगळ्या गोष्टीपेक्षा हीच जास्त आवडते, कारण ती कोणी ठरवून घडवलेली नव्हती.

पुढची गोष्ट ठरवून झाली. कब्जच्या एका चाहत्याने मोहीम चालवली की ह्याला एकदा तरी बॅटिंग मिळू द्या, आणि 2 ऑक्टोबर 2012 ला मायामी मार्लिन्सने एका दिवसाचा करार केला. म्हणजे ज्यांच्या बॉलरने डोक्यात घातला होता त्याच टीमने! समोर न्यूयॉर्क मेट्स टीमचा बॉलर आर. ए. डिकी, त्या वर्षी साय यंग अवॉर्ड, म्हणजे सगळ्यात चांगल्या बॉलरचं बक्षीस, मिळवणारा, नकलबॉलवाला. तो बॉल जवळजवळ फिरतच नाही, हवेत नुसता डुलत येतो आणि शेवटी कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं. तीन बॉलमध्ये हा आउट. स्टेडियम मात्र उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या दिवसाचे पैसे त्याने डोक्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या संस्थेला दिले.

हे वाचून मी छोटूला मैदानात ढकलणारे असं समजू नका. उलट त्या लेस बांधण्याच्या गोष्टीमुळेच दुसऱ्यांदा डॉक्टरकडे नेलं, नाहीतर मीही "टेंगूळच आहे" म्हणून गप्प बसले असते. पण तो रोज विचारतो की मी परत कधी जाऊ, आणि कधीच नाही असं माझ्या तोंडातून निघत नाही. आणि बाबा, तुमच्या भुवईवरची ती खूण, आईला अजून सायकलवरून पडल्याची वाटते ती, कशाची आहे ते काकांनी मला मागेच सांगितलंय. सीझन बॉल. त्यानंतर तुम्ही किती वर्षं खेळलात तेही सांगितलंय.

डॉक्टर हो म्हणाले तर पुढच्या शनिवारी त्याची मॅच आहे, इथले सकाळचे 10, म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात. मी व्हिडिओ कॉल लावते. त्याला बहुतेक राइट फिल्डला उभं करतील, तिकडे बॉल फारसा येत नाही, तो गवतच उपटत असतो. बॅटिंगला आला की सांगते, आई, तेवढा वेळ फोन बाबांच्या हातात दे.

तुमची,
ताई