साडेतीनची पाळी

प्रिय बाळ्या,

तीन महिने पत्र नाही, रागाव. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर ताब्यात.

अण्णांनी काल राजीनामा दिला. ऑफिसात सगळे म्हणतात, दुसरीकडे जास्त पगार मिळत असेल. तसं नाही, हे तुलाच कळेल.

बसच्या वेळा बदलल्या आणि दोन पाळ्यांमधली वीस मिनिटं गेली. साडेतीनला एक गेटबाहेर, दुसरा आत. त्यात अण्णा आणि त्यांच्याच मशीनवर पुढची पाळी करणारा धाकटा, यांचं गणपतीपासून बोलणं बंद. जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, 32 एच 7: 32 मिलिमीटरला शून्यापासून वर फक्त 25 मायक्रॉनची सूट. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजेल तसा बोअर लहान येतो, म्हणून अण्णा वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या मशीनमधल्या आकड्यात, थोडं थोडं टाकत गेले. पाळी सुटेपर्यंत 40 मायक्रॉन झाले. धाकट्याने इन्सर्टचा नवा कॉर्नर फिरवून लावला, पण ऑफसेटमधले 40 तसेच राहिले. लहान बोअर परत कापता येतो रे, मोठा झाला की भंगार! पहिला जॉब तपासून येईपर्यंत त्याने मशीन चालू ठेवलं, सतरा गेले. वहीत ऑफसेटचा रकाना आहे, पण अबोला असला की माणूस तिथे ‘ओके’ लिहितो. आणि रिजेक्शन लागलं अण्णांच्या नावावर, तेही सगळ्यांसमोर.

अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगावरून आपण दोन दिवस भांडलो होतो, आठवतं? मी म्हणायचो, 1927 साली तिथल्या टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या त्या पाच बायकांचं काम आपुलकीने वाढलं. तू म्हणायचास, मग 1928 च्या जानेवारीत बडबडतात म्हणून त्यातल्या दोघींना का बदललं? तुझा मुद्दा मी तेव्हा मानायला हवा होता. आपुलकी वरून वाटता येत नाही. बोलायला जागा आणि वेळ मात्र काढून घेता येतो.

मी साहेबांकडे मागितलंय: बस पंधरा मिनिटं उशिरा सोडा. पाळीचा चार्ज मशीनपाशी द्यायचा. कॉर्नर कितवा, ऑफसेट किती, शेवटचा बोअर किती आला, एवढं तोंडी. कॉर्नर बदलला की वेअर शून्य. पहिल्या जॉबला प्लग गेज, म्हणजे बोअर तपासायचं माप, दोघांनी मिळून लावायचा; त्याचं नो-गो टोक आत गेलं, म्हणजे बोअर मोठा झाला, तर मशीन बंद. चुकीची चौकशी केबिनमध्ये. धाकट्याशी मी बोललो, तो रडला. माफी मागायला तयार आहे, पण अण्णा त्याला समोर उभं करत नाहीत.

तुझ्या बदलीचं कळलं. घर मिळालं का? वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

अण्णांच्या नोटिशीचे 29 दिवस उरलेत. रविवारी त्यांना फोन कर. माझ्याशी ते हसून विषय बदलतात, तुझ्याशी बोलतील.

तुझाच,
दिन्या