कूलंट बदलले, टाकीचे काय?

लेथ-मिलिंगसाठी खनिज तेलाऐवजी वनस्पती तेलावर आधारित कूलंट (धातू कापताना थंडावा देणारे, पाण्यात मिसळलेले तेल) वापरावे, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना योग्यच आहे. पण नुसते तेल बदलून भागणार नाही. जे तेल मातीत लवकर विघटित होते, ते मशीनच्या टाकीतल्या जिवाणूंनाही सहज पचते. निगा नसेल तर ते लवकर नासते, आणि टाकी वारंवार उपसावी लागली तर पर्यावरणाचा फायदा उरतच नाही.

सर्वाधिक नुकसान करते ते गाइडवेवरून (मशीनचे भाग ज्यांवर सरकतात त्या पट्ट्यांवरून) झिरपणारे स्लाइडवे तेल, म्हणजे त्यांचे वंगण. त्याचा थर पृष्ठभागावर पसरतो, खालच्या कूलंटला हवा मिळत नाही आणि सुटीनंतर मशीन सुरू करताच सडका वास येतो. त्यासाठी वरचा थर फिरत्या पट्ट्याने काढून घेणारा बेल्ट स्किमर हवाच. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी कधीही नाही. नाहीतर इमल्शन (तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण) नीट बनत नाही. मिश्रणातील तेलाचे प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन उत्पादकाने दिलेल्या गुणकाने गुणावे. सर्वसाधारण कामाला ५ ते ८ टक्के तेल पुरते. पीएच ९ च्या आसपास हवा, ८.५ च्या खाली गेला की जिवाणू वाढले समजावे. पाणी उडून पातळी घटली तर नुसते पाणी न टाकता १-२ टक्क्यांचे पातळ मिश्रण भरावे.

ड्रिलिंग-मिलिंगच्या अनेक कामांना तासाला ५० मिलीलिटरहून कमी तेलाचा फवाराही चालतो. ग्राइंडिंगला मात्र उष्णता वाहून नेण्यासाठी भरपूर प्रवाह सहसा लागतोच. औद्योगिक संघटनांनी कूलंटबरोबर स्किमर आणि रिफ्रॅक्टोमीटरचाही आग्रह धरावा.

— एक यंत्र अभियंता, भोसरी