पन्हाळ्यावरचा भोज राजा

संपादक, स.न.वि.वि.

पन्हाळ्यावर रविवारी गर्दी असते, छानच आहे, पण लोक तीन दरवाजा, सज्जा कोठी बघतात, झुणका-भाकरी खातात आणि गाडी खाली. शिवरायांनी १६५९ मध्ये गड घेतला त्याच्या साडेचारशे वर्षं आधी इथं शिलाहार राजा दुसरा भोज राहत होता, हे किती पोरांना माहितीय? देवगिरीच्या यादवांच्या एका कोरीव लेखात तर भोजाला पन्हाळ्याचा नाग आणि यादव राजा सिंघणाला त्याच्यावर झडप घालणारा गरुड म्हटलंय, काय भारी आहे बघा! २०२५ ला गड युनेस्कोच्या यादीत आला, आता तरी बालेकिल्ल्यातल्या जुन्या जोत्यांचा नीट सर्व्हे करा आणि भोजाच्या नावाचा ठळक मराठी बोर्ड लावा.

– एक वाचक, कोल्हापूर